विलायतेची डाक आणि रमाईचा अभ्यास

दरवर्षी ७ फेब्रुवारीची रमाई जयंती आणि २७ मेचा स्मृतिदिन जवळ आला, की वस्तीवस्तीतून रमाईची गाणी ऐकू येऊ लागतात. विहारात महिला मंडळाच्या भगिनी पांढऱ्या साड्या नेसून जमतात, वंदना होते, भाषणे होतात. अलीकडे त्याच सुमारास सर्वांच्या मोबाइलवर एक पत्रही फिरू लागते. गोलमेज परिषदेच्या काळात बाबासाहेबांनी लंडनहून रमाईला लिहिलेले पत्र म्हणून ते एकाकडून दुसऱ्याकडे जाते. लांबलचक, अलंकारिक आणि डोळ्यांत पाणी आणणारे असे ते पत्र आहे. कितीतरी भगिनींनी ते पाठ केले आहे आणि सभेत म्हणूनही दाखवतात.

पण भगिनींनो, ते पत्र बाबासाहेबांनी लिहिलेले नाही. एका साहित्यिकाने बाबासाहेबांच्या मनात शिरून, कल्पनेने लिहिलेले ते पत्र आहे. साहित्यिकाला तसा अधिकार असतो आणि त्यात गैर काहीच नाही. गैर होते ते इतकेच, की लेखकाचे नाव वाटेत गळून पडते आणि कल्पनेचा कागद इतिहासाचा दस्तऐवज म्हणून फिरू लागतो. ज्या माणसाने आयुष्यभर पुराव्याशिवाय एक ओळ लिहिली नाही, त्याच्या नावावर आपण न लिहिलेले पत्र खपवावे, हे आपल्याला शोभत नाही.

यापेक्षा मोठे दुःख वेगळेच आहे. या सजवलेल्या पत्रामुळे खरे पत्र मागे पडले. बाबासाहेबांनी विलायतेहून रमाईला लिहिलेले खरे पत्र आहे, ते छापलेलेही आहे, आणि ते फार लहान आहे. त्यात अलंकार नाहीत, प्रेम हा शब्दसुद्धा नाही. पोराचे आजारपण, पैशांची तंगी, लुगडी, दागिने एवढ्याच गोष्टी त्यात आहेत. पण एकमेकांपासून हजारो मैल दूर पडलेल्या दोन गरीब माणसांचे एकमेकांवर किती प्रेम असू शकते, हे पाहायचे असेल तर तेच पत्र वाचले पाहिजे. आज त्या पत्राविषयी आणि त्या काळातील पत्रांविषयी थोडे बोलू या.

सात वर्षांचे अंतर

दापोलीजवळच्या वणंद गावची रमाई. वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरात माशांच्या टोपल्या वाहण्याचे काम करीत. आईबाप लवकर गेले आणि भावंडांसह ही पोर काकामामांच्या आधाराने मुंबईत भायखळ्याला आली. तिथेच मासळीबाजारात, दिवसाचा बाजार उठून गेल्यावर, रात्री तिचे लग्न लागले. नवरा शाळेत शिकणारा, नवरी अवघी नऊ-दहा वर्षांची. तो काळच बालविवाहाचा होता. आजच्या अर्थाने ही प्रियकर-प्रेयसीची जोडी नव्हती. दोन लेकरांना मोठ्यांनी एकत्र बांधले होते. प्रेम नंतर जडले, आणि ते बरेचसे दुरूनच वाढले.

१९१२ च्या डिसेंबरात यशवंताचा जन्म झाला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजीबाबा गेले. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती मिळाली आणि भीमराव अमेरिकेला निघाले. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. तेव्हा रमाई पंधरा वर्षांची, कडेवर काही महिन्यांचे मूल. कोलंबिया विद्यापीठातून लंडन, आणि लंडनहून परत मुंबई, यात चार वर्षे गेली. २१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईला उतरले. मग बडोद्याची नोकरी, तिथला अपमान, सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकी. जुलै १९२० मध्ये अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडन. तिथून परत यायला १९२३ चा एप्रिल उजाडला.

हिशोब केला तर लग्नानंतरच्या पहिल्या सतरा-अठरा वर्षांतली जवळजवळ सात वर्षे या दोघांमध्ये समुद्र होता. ऐन तारुण्याची सात वर्षे. या सात वर्षांत त्यांच्यामध्ये एकच धागा होता, तो म्हणजे विलायतेची डाक.

ती डाक तरी कशी! आठवड्यातून एकदा डाकेची बोट सुटायची. लंडनहून निघालेले पत्र मुंबईला पोहोचायला पंधरा-वीस दिवस लागत. म्हणजे रमाईने आज पत्र टाकले, तर त्याचे उत्तर हाती पडेपर्यंत महिना-सव्वा महिना सहज निघून जाई. घरात पोर तापाने फणफणले आहे असे तिने कळवले, तर ते पत्र तिकडे पोहोचेपर्यंत पोर एकतर बरे होऊन खेळू लागलेले असे, नाहीतर हातचे गेलेले असे. रमाईच्या पाच लेकरांपैकी चार गेली. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. अशा घरातून निघणाऱ्या पत्राचे ओझे किती असेल, याचा विचार आईपण भोगलेल्या प्रत्येक भगिनीने करावा.

त्यात १९१४ साली महायुद्ध पेटले. जर्मनांच्या पाणबुड्या बोटी बुडवू लागल्या. १९१७ साली भीमराव परत येत असताना, ज्या बोटीवर त्यांची पुस्तके आणि सामान होते ती बोट अशीच बुडवली गेली. ते स्वतः दुसऱ्या बोटीवर होते म्हणून आपल्याला बाबासाहेब मिळाले. आज आलेले पत्र हे शेवटचे तर नसेल, अशी धास्ती त्या दिवसांत समुद्रापार माणूस असलेल्या प्रत्येक घराला होती.

मधला माणूस

त्या महायुद्धात आपल्या देशातले लाखो शिपाई समुद्रापार गेले. फ्रान्सच्या खंदकात आणि मेसोपोटेमियाच्या वाळवंटात ते लढले. महारांची स्वतंत्र पलटण, १११ वी, १९१७ साली उभी राहिली आणि १९२१ साली सरकारने ती मोडूनही टाकली. या शिपायांच्या बायका गावात, शिपाई परमुलखात. पत्रे दोन्हीकडून जात. पण बहुतेक शिपायांना लिहिता येत नसे आणि त्यांच्या बायकांना वाचता येत नसे. तिकडे पलटणीतला कोणी लिहिता माणूस शिपायाचे मनोगत ऐकून कागदावर उतरवी. मग ते पत्र सरकारी तपासनीस वाची. फ्रान्समधील हिंदी शिपायांची पत्रे तपासण्यासाठी इंग्रजांनी वेगळी कचेरीच उघडली होती, आणि तिथे उतरवून घेतलेले उतारे आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेले आहेत. गावात पत्र पोहोचले, की तिथे आणखी एक तिसरा माणूस ते मोठ्याने वाचून दाखवी.

नवऱ्याने बायकोला लिहिलेले पत्र तीन-चार परक्या डोळ्यांखालून जायचे. मग त्यात मनातले काय उरणार? ‘पत्र लिहिण्यास कारण की, आम्ही इकडे खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवावी, थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.’ एवढेच उरायचे. बायकोचे नावसुद्धा पत्रात येत नसे. पत्र बापाच्या किंवा भावाच्या नावे, आणि शेवटी एक ओळ, ‘घरात सर्वांस सांगणे.’ त्या ‘सर्वां’त ती कुठेतरी असायची.

आपल्या माणसांची अडचण तर दुहेरी होती. गावातला लिहिता-वाचता माणूस म्हणजे बहुधा कुलकर्णी किंवा शाळामास्तर. महारवाड्यातला कागद हाती घ्यायलाच त्याला विटाळ वाटायचा. घेतलाच तर उपकार म्हणून, त्याच्या सवडीने. परगावी गेलेल्या धन्याचे पत्र आले आहे, ते पदरात बांधले आहे, पण आत काय लिहिले आहे ते कळायला वाचणाऱ्याची मर्जी सांभाळायची आहे. अस्पृश्यतेने आपले पाणी अडवले, मंदिर अडवले, हे आपण नेहमी बोलतो. तिने नवरा-बायकोमधला चार ओळींचा कागदही अडवला होता, हे आपण क्वचितच बोलतो.

मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत राबणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीचा संसारही असाच चालला. धनी मुंबईत, कारभारीण कोकणात नाहीतर घाटावर. महिन्याकाठी मनीऑर्डर यायची. त्या फॉर्मच्या खालच्या चिटोऱ्यावर दोन ओळी मावायच्या. पोस्टमन पैसे मोजून देई आणि अंगठा घेई. वाटले तर त्या दोन ओळी वाचून दाखवी, नाहीतर तसाच निघून जाई.

हे सगळे लक्षात घेतले, की रमाईने वाचायला शिकणे ही केवढी गोष्ट होती ते उमगते.

दुसऱ्याला सांगितले ते घरी केले

न्यूयॉर्कला पाऊल ठेवल्याला दोन-तीन आठवडेच झाले होते, तेव्हा ४ ऑगस्ट १९१३ रोजी भीमरावांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले. आईबाप मुलाला जन्म देतात, कर्म देत नाहीत, ही समजूत सोडून द्या, मुलांचे नशीब घडवणे आईबापांच्या हाती आहे, आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकवले तर आपली प्रगती कितीतरी वेगाने होईल, असा त्या पत्राचा आशय आहे. बावीस वर्षांच्या तरुणाने परक्या देशात पोहोचताच काढलेला हा पहिला उद्गार आहे.

अनेक पुढारी असे उद्गार काढतात आणि घरी मात्र वेगळे वागतात. बाबासाहेबांचे तसे नव्हते. ज्या बायकोला अक्षर माहीत नव्हते तिला त्यांनी लिहिण्या-वाचण्याकडे वळवले. सात समुद्रापलीकडे असतानाही त्यांचे तिच्या अभ्यासाकडे लक्ष होते. याचा पुरावा त्यांच्याच हातच्या पत्रात आहे.

याला परंपराही आहे. सावित्रीमाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आज उपलब्ध आहेत. १८५६ साली नायगावला माहेरी आजारी असताना लिहिलेले एक, १८६८ चे दुसरे आणि १८७७ च्या दुष्काळात लिहिलेले तिसरे. त्यांतही नवरा-बायकोचे लाडिक बोलणे नाही. शाळा, समाज आणि दुष्काळातली माणसे यांचीच चिंता आहे. जोतीरावांनी बायकोला अक्षर दिले आणि तिने त्या अक्षरात त्यांना उत्तर दिले. बाबासाहेब गुरू मानतात ते जोतीरावांना, आणि ते काही उगीच नव्हे.

२५ नोव्हेंबर १९२१

आता त्या खऱ्या पत्राकडे वळू. तारीख २५ नोव्हेंबर १९२१, मुक्काम लंडन. मायना ‘रामू’ या नावाने. रमाईला ते रामू म्हणत आणि ती त्यांना साहेब म्हणे.

पत्र सुरू होते ते तिचे पत्र पोहोचले या वाक्याने. गंगाधर आजारी आहे हे कळून वाईट वाटले, असे ते लिहितात. स्वतःवर भरवसा ठेव, काळजी करू नकोस, असा धीर देतात. लगेच पुढे, तुझा अभ्यास चालला आहे हे वाचून आनंद झाला, असे म्हणतात. मग पैशांचा विषय येतो. पैशांची तजवीज करतो आहे, पण मीसुद्धा इथे अन्नाला मोताद झालो आहे, तुम्हाला पाठवायला माझ्याजवळ काही नाही, तरी काहीतरी करतो, असे ते मोकळेपणाने सांगतात. तजवीज व्हायला वेळ लागला आणि तुझ्याजवळचे पैसे संपले, तर दागिने विकून खा, मी आलो की तुला नवे करीन, असे कळवतात. यशवंत आणि पुतण्या मुकुंद यांच्या शिक्षणाचे कसे चालले आहे ते तू कळवत नाहीस, असा प्रेमाचा रागही भरतात. पैसे हाती आले की घरातल्या दोन बायकांना एकेक लुगडे घेऊन दे, असे बजावतात. नात्यातल्या एकेकाची नाव घेऊन चौकशी करतात, आणि पत्र संपते.

एवढेच पत्र. पण भगिनींनो, हे पत्र हळूहळू वाचण्यासारखे आहे.

त्या दिवसांत बाबासाहेब लंडनमध्ये कसे राहत होते ते त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. बोटीचे भाडे आणि खर्च यांसाठी प्राध्यापकीच्या पगारातून शिल्लक टाकलेले पैसे, मित्र नवल भथेना यांनी दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज आणि छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य, एवढ्यावर सगळा गाडा होता. घरमालकीण सकाळी न्याहारीला अगदी थोडेच देई. बसभाडे वाचावे म्हणून ते पायी चालत आणि दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसत. रात्री भुकेने जीव व्याकूळ झाला की ओळखीच्या एका गुजराती माणसाने दिलेले चार पापड भाजून, कपभर दुधाबरोबर खात. १९२१-२२ च्या काळात ते ज्या घरात राहत, ते किंग हेन्रीज रोडवरचे दहा नंबरचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. आज ते स्मारक आहे. परदेशी गेलेली आपली मुले तिथे जाऊन फोटो काढून पाठवतात. अन्नाला मोताद झालो आहे, असे लिहिणारा माणूस त्या काळात अशा खोलीत दिवस काढत होता.

आणि तो अभ्यास कशाचा करीत होता? रुपयाच्या प्रश्नाचा! साऱ्या हिंदुस्थानच्या चलनाचे काय करावे यावर तो प्रबंध लिहीत होता, आणि पोयबावडीच्या चाळीत त्याच्या बायकोपुढे संध्याकाळच्या पिठाला लागणाऱ्या रुपयाचा प्रश्न उभा होता. तो प्रश्न ती तिच्या परीने सोडवत होती.

आता त्या पत्रातली सर्वांत मोठी ओळ कोणती? कोणी म्हणेल, नवे दागिने करीन ही. कोणी म्हणेल, मीही उपाशी आहे ही. मला वाटते, तुझा अभ्यास चालला आहे हे वाचून आनंद झाला, ही. पोर आजारी, घरात पैसा नाही, आपल्या पोटात अन्न नाही. अशा वेळी माणसाला आनंद कशाचा व्हावा? बायको शिकते आहे याचा! त्या सबंध पत्रात आनंद हा शब्द बसतो तो इथे. बाबासाहेबांचे प्रेमपत्र कुठे आहे असे कोणी विचारले, तर या ओळीवर बोट ठेवावे.

रमाईचे पत्र

हे झाले साहेबांचे पत्र. रामूच्या पत्राचे काय? छापून आपल्यापुढे आले ते पत्र त्यांचे आहे. पण नीट पाहिले तर त्यांच्या पत्रातच तिचे पत्र दिसते. विहिरीत वाकून पाहिले की पाण्यात आपला चेहरा दिसतो, तसे.

तिने काय कळवले होते? गंगाधर आजारी आहे हे कळवले. अभ्यास चालू आहे हेही कळवले. म्हणजे घरात आजारी पोर असताना तिने पाटी-पुस्तक बाजूला टाकलेले नव्हते. पोरांच्या शाळेचे मात्र कळवले नव्हते. का कळवले नसेल? ते तीच जाणे. पण घरात फीचे पैसे नसले, वह्या नसल्या, तर दूर बसलेल्या माणसाच्या जिवाला घोर नको म्हणून आपल्याही आया-आज्या अशा गोष्टी गिळून टाकत आल्या आहेत. जे सांगितले नाही त्यातही माया असते.

त्यांच्या पत्राचा सूरही पाहा. नवरा हुकूम सोडतो आहे असे कुठे वाटत नाही. तो आपली भूक तिच्यापासून लपवत नाही. विलायतेत मी मोठा साहेब झालो असा आव आणत नाही. दोन बायकांना लुगडी घे म्हणतो, म्हणजे घरचा कारभार तिच्या हाती आहे हे धरून चालतो. नाव घेऊन हाक मारतो, खरे सांगतो आणि तिच्या हिशोबावर विश्वास ठेवतो. शंभर वर्षांपूर्वी किती शिकलेल्या घरांत बायकोला असे पत्र येत होते, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

अभ्यास वाढत गेला, की मधला माणूस सुटतो. वाचून दाखवणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत दाराआड उभे राहावे लागत नाही. कागद आपल्याच हातात असतो. दुपारी चाळीत सामसूम झाली की तो पुन्हा काढता येतो, एखादी ओळ दोनदा वाचता येते. अक्षरओळख म्हणजे नोकरी, सही, कोर्टकचेरी एवढेच नाही. आपल्या माणसाचे मन मधल्या माणसाशिवाय वाचता येणे, हेही शिक्षण आहे.

दागिन्यांचा हिशोब

दागिने विकून खा, आलो की नवे करीन, असे वचन पत्रात आहे. ते किती पुरे झाले? परत आल्यावरही बाबासाहेबांचा पैसा पुस्तके, वर्तमानपत्रे आणि चळवळ यांत जात राहिला. पुढे रमाईच्या हातात सोन्याच्या बांगड्या आल्या, पण त्यांचे काय झाले? धारवाडच्या वसतिगृहाची हकीकत आपल्या घरोघरी सांगितली जाते. वराळे यांच्या वसतिगृहातील मुले उपाशी आहेत असे कळताच रमाईने आपल्या बांगड्या काढून दिल्या आणि मुलांच्या तोंडी घास गेला. लंडनच्या पत्राने तिला शिकवले होते, की दागिना अंगावर मिरवण्यासाठी नसतो, वेळेला माणूस जगवण्यासाठी असतो. फरक इतकाच, की पत्रात तो आपल्या लेकरांसाठी होता आणि धारवाडला दुसऱ्यांच्या लेकरांसाठी झाला. त्या दिवसापासून ती सगळ्यांची आई झाली.

अर्धा तास

पत्रातून दिसणारे हे प्रेम बाबासाहेबांनी एकदा चारचौघांत, छापून कबूल केले आहे. ३ फेब्रुवारी १९२८ च्या ‘बहिष्कृत भारता’त पत्राच्या तोट्याविषयी आणि समाजाच्या ऋणाविषयी लिहिताना त्यांनी घरची गोष्ट सांगितली. परदेशात असताना जिने रात्रंदिवस प्रपंच ओढला, परत आल्यावर पडत्या काळात जिने शेणीचे भारे डोक्यावर वाहायला मागेपुढे पाहिले नाही, अशा स्त्रीच्या सहवासात चोवीस तासांतला अर्धा तासही घालवता येत नाही, असे त्यांनी स्वतःबद्दल लिहिले आहे.

त्यागमूर्ती म्हणून आपण रमाईला हार घालतो. पण त्याग हा शब्द फार लवकर उच्चारला, की त्यातला माणूस दिसेनासा होतो. ज्याला बायकोजवळ बसायला अर्धा तास मिळत नाही आणि ज्याला त्याची खंत वाटते, तो माणूस त्या लेखात दिसतो. समुद्र मध्ये होता तेव्हा निदान डाक तरी होती. परत आल्यावर तोच मनुष्य सात कोटींचा झाला आणि घरात असूनही दूर राहिला. हे रमाईने सोसले. म्हणून तिच्या सोसण्याला नुसते ‘महान’ म्हणून मोकळे होऊ नये. त्याची किंमत कोणी मोजली, हेही मनात ठेवावे.

२७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात रमाई गेली. त्यानंतर काही वर्षांनी बाबासाहेबांचा पाकिस्तानच्या प्रश्नावरचा ग्रंथ निघाला, तो त्यांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केला. तिच्या मनाचा चांगुलपणा, तिचे शील, आणि मित्र नसलेल्या, टंचाईच्या दिवसांत न डगमगता आपल्याबरोबर सोसण्याची तिची तयारी यांची त्यांनी त्या अर्पणपत्रिकेत आठवण केली आहे. जगभरच्या राजकारण्यांनी आणि विद्वानांनी वाचावा अशा इंग्रजी ग्रंथाच्या पहिल्या पानावर तिचे नाव आहे, आणि ते लाडके घरचे नाव आहे. ते ‘श्रीमती रमाबाई आंबेडकर’ नसून ‘रामू’ आहे. पत्राच्या मायन्यातले नाव त्यांनी ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत लिहिले. एका परीने ते रामूला लिहिलेले शेवटचे पत्रच होते. मात्र ते घेऊन जाणारी डाक आता नव्हती.

आपल्या ट्रंकेतली पत्रे

हे सगळे सांगण्याचे कारण एवढेच. रमाईचे जीवन आपल्या आज्यांच्या जीवनापासून वेगळे नव्हते. तुमच्या घरातही माळ्यावर एखादी पत्र्याची ट्रंक असेल. तिच्यात लग्नातल्या शालूखाली पोस्टकार्डे असतील, निळी आंतर्देशीय पत्रे असतील, मनीऑर्डरीचे चिटोरे असतील. आजोबा देवळालीच्या नाहीतर खडकीच्या डेपोत असताना आलेले, चुलता पलटणीत असताना आलेले, मावशी सासरहून लिहिलेले. धर्मांतरानंतरच्या पत्रांवर ‘श्री’च्या जागी ‘जयभीम’ आलेले दिसेल. वाकडीतिकडी अक्षरे दिसतील, कारण रात्रशाळेत शिकलेल्या हातांनी ती काढलेली आहेत. दिवाळीच्या साफसफाईत ही पत्रे रद्दीत जातात. आपल्या समाजाचा इतिहास लिहिणारे दुसरे कोणी नव्हते. तो या चिटोऱ्यांवर आहे. ती पत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, त्यांवर कोणाचे कोणाला आणि कधीचे ते लिहून ठेवा, आणि घरातल्या मुलामुलींकडून ती मोठ्याने वाचून घ्या.

आणि येत्या जयंतीला मोबाइलवर ते लांबलचक पत्र आले, तर ज्या लेखकाचे आहे त्याचे नाव त्याखाली लिहून मगच पुढे पाठवा. विहारात वाचायचे असेल, तर २५ नोव्हेंबर १९२१ चे ते लहानसे पत्र वाचा. वाचायला दोन मिनिटे लागतील. वाचून झाल्यावर आपल्या सुनेला, लेकीला किंवा बायकोला तेवढे एकच विचारा, जे उपाशीपोटी साहेबांनी रामूच्या बाबतीत मनात ठेवले होते: तुझा अभ्यास चालला आहे ना?

माता रमाईंना विनम्र अभिवादन! जयभीम!